अंतर पावणेनऊशे किलोमीटरचे

शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबई आणि कराची या दोन ठिपक्यांमध्ये दोरा ताणून धरावा आणि गोलाच्या प्रमाणाने त्याची लांबी मोजावी. उत्तर येते सुमारे पावणेनऊशे किलोमीटर. मुंबईहून दिल्ली याहून दूर आहे. चढण्या-उतरण्याचा वेळ धरूनही आजच्या जेट विमानाला एवढ्या अंतरास दीड तास पुष्कळ झाला.

पण हे झाले दोऱ्याचे गणित. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी हेच अंतर एका इंजिनाच्या चिमुकल्या ‘पस मॉथ’ विमानातून तोडले. लंडनची हवाई टपाल १९२९ पासून कराचीपर्यंत येऊ लागली होती. ती पुढे मुंबईस पोचविण्याचे काम टाटांनी अंगावर घेतले होते. सकाळी साडेसहाच्या सुमारास ते कराचीहून निघाले, वाटेत अहमदाबादेस तेल भरले आणि दुपारी दोनच्या आत जुहूच्या मैदानावर उतरले. सव्वासात तासांच्या आसपास झाले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे ज्या प्रवासाने भारतीय विमानवाहतुकीचा आरंभ झाला, तो एका इलाख्याच्या हद्दीतला प्रवास होता! त्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टाटांनी पुन्हा कराचीहून मुंबईपर्यंत विमान आणले. मधल्या काळात तीन युद्धे होऊन गेली होती, तरीही वाट मिळाली.

पुढे या दोन शहरांमधली थेट विमानसेवा बंद पडली. पहलगामच्या हत्याकांडानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, दोन्ही देशांनी आपापले आकाशही एकमेकांच्या विमानांना बंद केले. त्या प्रसंगी कोणत्याही सरकारला स्वस्थ बसता आले नसते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्यामुळे अंतराचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. दुबईमार्गे जावयाचे म्हटले, की मुंबई ते दुबई एकोणीसशे आणि दुबई ते कराची जवळजवळ बाराशे, असे एकूण तीन हजारांवर किलोमीटर पडतात. दुबईतला खोळंबा धरता टाटांच्या त्या सव्वासात तासांत हा प्रवास सहसा उरकत नाही. ताशी आठशे किलोमीटर वेगाचे विमान हाताशी असून ही स्थिती!

आणि दुबईची वाटदेखील तिकिटाचे पैसे व व्हिसा बाळगणाऱ्यांचीच. समुद्रात हद्द ओलांडली म्हणून कराचीच्या तुरुंगात पडणाऱ्या मच्छीमारांत गुजरातचे कोळी असतात, तसे आपल्या पालघरचेही. मे २०२३ मध्ये तेथून जवळपास दोनशे मच्छीमार सुटले, तेव्हा त्यांना लाहोरपर्यंत नेऊन वाघा-अटारी सीमेवर आपल्या स्वाधीन करण्यात आले. ज्या किनाऱ्यावरून ते होडीने निघाले होते, तेथे परतण्यासाठी त्यांना आधी पंजाब गाठावा लागला.