ऑर्किडचं पान भाजलंय की सडलंय?

जालना एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या शेडनेटमध्ये परवा फॅलेनोप्सिसच्या पानांवर पांढरट चट्टे दिसले. माळीदादा बुरशीनाशक फवारायच्या तयारीत होते. मी थांबवलं.

चट्टा कोरडा, कागदासारखा, उन्हाच्या बाजूलाच असेल आणि वाढत नसेल, तर पान भाजलंय. ओलसर, मऊ, पसरत जाणारा डाग म्हणजे सड. तो भाग लगेच कापा. भाजलेलं पान मात्र हिरवं आहे तोवर राहू द्या, रोपाला अन्न त्यातूनच मिळतं.

फॅलेनोप्सिसची पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतात. त्यामुळे भर दुपारी पाण्याची वाफ सोडून पान थंड ठेवणं त्याला फारसं जमत नाही. हवा 40 अंशांवर असली की थेट उन्हातलं पान त्याहूनही जास्त तापतं.

म्हणून 75 टक्के सावलीची नेट लावा, आणि हवा खेळती ठेवा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे ओल्या पॅडमधून हवा ओढणारे पंखे इथे फार छान काम करतात. दमट कोकणात तेवढा फरक पडत नाही. दुपारी जमिनीवर पाणी मारा. रोपांना पाणी सकाळीच, पण शेंड्यात साचू देऊ नका. रोप सावरेपर्यंत खत बंद.

डाग ओळखता येत नसेल तर पानाचा फोटो टाका, बघून सांगतो.