कासव मेलं, पण कशानं?

दहा रुपयांच्या नाण्याहून जेमतेम मोठं हिरवं पिल्लू, डोळ्यांमागं लाल पट्टा. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, या समजुतीवर त्याचा धंदा चालतो. हे रेड इअर्ड स्लायडर मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. मलेशिया, थायलंडहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत कोंबलेली अशी पिल्लं चेन्नई विमानतळावर कस्टमनं हजारोंनी पकडली आहेत. अशा दाटीत एकाचा रोग दहांना लागायला कितीसा वेळ?

कासवांच्या विषाणूंत दोन ठळक. रॅनाव्हायरस मासा, बेडूक, कासव असा भेद करत नाही. पापण्या सुजतात, नाकातोंडातून चिकट स्राव येतो, तोंडात पिवळसर पापुद्रा धरतो आणि कासव खाणं सोडतं. दुसरा हर्पीस, मुख्यतः जमिनीवरच्या कासवांचा. ग्रीक कासव तो अंगात बाळगूनही बऱ्याचदा धडधाकट दिसतं; शेजारी ठेवलेलं हर्मनचं कासव मात्र दगावतं. बरं झालेलं कासवही जन्मभर वाहक राहू शकतं. म्हणूनच जाणते पाळणारे नवं कासव काही महिने वेगळं ठेवतात.

आपल्याकडं पिल्लू मेलं की ‘थंडी बाधली’ म्हणून कुंडीत पुरून मोकळं व्हायचं. याउलट, नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगावजवळच्या भुतरामनहट्टीतल्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत 31 काळविटं दगावली. तो रोग जिवाणूचा, घटसर्प. पण शवविच्छेदन झालं, नमुने तपासले गेले, म्हणून तो कळला तरी.

कासवांचे हे विषाणू माणसाला लागल्याचं आढळलेलं नाही. साल्मोनेला हा जिवाणू मात्र लागतो, तोही लहान मुलांना आधी. त्यामुळंच अमेरिकेनं 1975 मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली.

पिल्लू वाढत ताटाएवढं झालं की टाकी पुरत नाही. मग पुण्य समजून ते मार्कंडेय नाहीतर वेदगंगा नदीत सोडायचा मोह होतो. तसं केलं तर देशी कासवाच्या वाट्याचं अन्न, उन्हाची जागा जाते आणि सोबत विषाणूही पोचू शकतो. युरोपीय संघानं रेड इअर्ड स्लायडरची आयात 1997 मध्येच थांबवली.

टाकीतलं कासव मेलंच, तर ते पिशवीत घालून बर्फावर ठेवावं, गोठवू नये आणि लगेच पशुवैद्यकाकडं न्यावं. तोंडातला पापुद्रा किंवा यकृताचा तुकडा पीसीआर तपासणीला पाठवता येतो. उरलेल्या कासवांचं पाणी, जाळी, भांडी तोवर वेगळी.