हवा-इंधन गुणोत्तरमापक

अंतर्ज्वलन-एंजिनात जळणाऱ्या दर एक किग्रॅ. इंधनामागे किती किग्रॅ. हवा आत घेतली गेली, हे एंजिन चालू असताना दर्शविणाऱ्या उपकरणास हवा-इंधन गुणोत्तरमापक म्हणतात. असे नाव असले, तरी हे उपकरण हवा किंवा इंधन यांपैकी काहीच प्रत्यक्ष मोजीत नाही. निष्कास वायूंत (ज्वलनानंतर एंजिनाबाहेर पडणाऱ्या वायूंत) उरलेल्या ऑक्सिजनावरून ते गुणोत्तराचे अनुमान करते. ट्रकवर ते बसविताना व त्याचे वाचन करताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

तत्त्व : पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ पट, तर डीझेलाच्या ज्वलनास सु. १४·५ पट हवा लागते. म्हणजे एक लिटर डीझेलास सु. १२ किग्रॅ., अर्थात सु. १०,००० लिटर हवा हवी. हवा याहून कमी असल्यास मिश्रणास गाढ आणि जास्त असल्यास विरळ म्हणतात. प्रत्यक्ष गुणोत्तरास या आदर्श गुणोत्तराने भागून येणारी संख्या म्हणजे लॅम्डा होय. मिश्रण आदर्श असता लॅम्डा १ असतो.

मापकाचा संवेदक यिट्रियामिश्रित झिर्कोनियाच्या मृत्तिका घटकाचा असतो. सु. ३००° से. च्या वर तापल्यावर हा पदार्थ ऑक्सिजनाचे आयन वाहून नेतो. त्याच्या एका बाजूस बाहेरची हवा व दुसऱ्या बाजूस निष्कास वायू असल्यास दोहोंतील ऑक्सिजनाच्या फरकामुळे विद्युत् दाब निर्माण होतो. व्हाल्टर नेर्न्स्ट (१८६४–१९४१) या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणाने तो काढता येतो. असा संवेदक १९७६ मध्ये प्रथम व्हॉल्व्हो मोटारगाड्यांत वापरात आला. तो बोश कंपनीने बनविला होता. हा साधा संवेदक मिश्रण आदर्शाच्या कोणत्या बाजूस आहे एवढेच सांगतो. गुणोत्तराचा आकडा हवा असल्यास ऑक्सिजन आतबाहेर ढकलणारी जादा पेटी असलेला विस्तृत पल्ल्याचा संवेदक लागतो. डीझेल एंजिनात हाच उपयोगी पडतो.

बसविण्याची रीत : निष्कास नळीला भोक पाडून त्यावर आटे असलेली पोलादी बैठक झाळतात व तीत संवेदक घट्ट बसवितात. झाळकाम करताना बॅटरीची जोडणी सोडवून ठेवावी आणि संवेदक बैठकीत नसावा. टर्बो असलेल्या एंजिनात संवेदक टर्बोच्या पुढे, वायू बाहेर जाण्याच्या बाजूस घेतात; टर्बोच्या अलीकडील उष्णता व दाब त्यास मानवत नाहीत. तो नळीच्या अगदी टोकाजवळही नसावा, कारण तेथे बाहेरची हवा आत शिरते. नळीतील पाण्याचा थेंब तापलेल्या मृत्तिका घटकावर पडल्यास तो तडकतो. म्हणून संवेदक नळीच्या वरच्या अर्ध्या भागात, किंचित तिरपा बसवितात.

संवेदकात त्याला सु. ७५०°–८००° से. पर्यंत तापविणारी तार असते. तिला किल्लीबरोबर चालू-बंद होणारा, फ्यूज घातलेला वीजपुरवठा द्यावा. संवेदक वीजपुरवठ्याविना नळीत राहिला, तर त्यावर काजळी बसून तो निकामी होतो. पुष्कळ मापक १२ व्होल्टचे असतात, तर जड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात. अशा वेळी दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून तार घेतल्यास ती बॅटरी अधिक उतरते व दुसरीवर जादा भार चढतो. म्हणून २४ चे १२ व्होल्ट करणारा परिवर्तक वापरावा. मापकाच्या प्रकारानुसार संवेदक मोकळ्या हवेत धरून मापकाचे अंशन करावे लागते.

वाचन : पेट्रोल व डीझेल एंजिनांतील आकड्यांचा अर्थ उलट असतो. पेट्रोल एंजिनात पूर्ण भारावर सु. १२·५ ते १३ गुणोत्तर ठेवतात. मिश्रण तेथे विरळ झाले, तर एंजिन तापते व ठोके देते. डीझेल एंजिनात आत येणारी हवा अडविली जात नाही, केवळ इंधन कमीजास्त होते. त्यामुळे एंजिन नुसते चालू असताना ५० किंवा त्याहूनही मोठा आकडा दिसतो व तो दोष नव्हे. पूर्ण भारावर आकडा २० च्या आसपास उतरतो. तो १८ च्या खाली जाऊ लागला, की काळा धूर दिसू लागतो, निष्कास तापतो आणि दट्ट्या व टर्बो यांना धोका संभवतो. पेट्रोल एंजिनाच्या सवयीने १४·७ गाठण्यासाठी डीझेल पंप वाढविणे म्हणूनच घातक ठरते.

खनिजवाहतुकीचे उदाहरण : भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला येथे मॉयल लि. (स्थापना १९६२, पूर्वीचे नाव मँगॅनीज ओअर (इंडिया) लि.) या कंपनीची भूमिगत, तर त्याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग येथे उघडी मँगॅनीज खाण आहे. मँगॅनिजाचे धातुक जड असल्याने ट्रकचा हौदा भरलेला दिसण्यापूर्वीच भारमर्यादा गाठली जाते व जादा भार सहज चढतो. खाणरस्त्यांवरील धुळीने हवेचा गाळकही लवकर तुंबतो. अशा ठिकाणी मापकाचा उपयोग तुलनेसाठी होतो. गाळक स्वच्छ असताना ठराविक चढावर, ठराविक भार व गिअर असता दिसलेला आकडा नोंदवून ठेवावा. पुढे तेथेच तो घटत गेला, तर प्रथम गाळक व टर्बोच्या नळ्या तपासाव्यात. भरलेला ट्रक मोठ्या गिअरात कमी फेऱ्यांवर रेटल्यास टर्बोकडून पुरेशी हवा मिळत नाही व आकडा एकदम खाली येतो. गिअर उतरविणे हाच त्यावर उपाय होय. पंप वाढवून जादा भार ओढणाऱ्या ट्रकचा काळा धूर म्हणजे पैसे मोजून घेतलेले, पण पुरते न जळलेले डीझेल असते. ते रस्त्याकाठच्या वस्तीच्या श्वासात जाते.

मर्यादा : निष्कास नळीच्या जोडातून हवा शिरत असल्यास मिश्रण विरळ नसतानाही विरळ दिसते. एखाद्या सिलिंडरात ज्वलन न झाल्यास तेथील ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, म्हणून इंधन वाया जात असूनही आकडा वाढतो. सर्व सिलिंडरांची सरासरीच दिसत असल्याने एका गळक्या नोझलचा दोष झाकला जातो. यास्तव धूर, निष्कासाचे तापमान आणि एंजिनाचा आवाज यांची साक्ष मापकाबरोबर घ्यावी लागते. शिशाचे संयुग मिसळलेल्या पेट्रोलाने संवेदक निकामी होतो. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते.

हा मापक प्रदूषण तपासणीची जागा घेऊ शकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये डीझेल वाहनाच्या धुराची अपारदर्शकता वेगळ्या यंत्राने मोजतात. भारत टप्पा-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर नव्या ट्रकांच्या निष्कासमार्गात कारखान्यातच संवेदक बसविलेले असतात. त्यांत वेगळे भोक पाडण्याऐवजी एंजिनाच्या नियंत्रकातील नोंदी वाचणे श्रेयस्कर असते. वेगळा मापक मुख्यतः जुन्या ट्रकांसाठी उपयुक्त ठरतो.