एका खोलीत, पाच जण, २४ तास : असा कलाप्रयोग करायचा तर आधी कशाकशाचा हिशोब मांडावा लागतो?

एका घरात माणसं कोंडायची, बाहेरच्या जगाशी संबंध तोडायचा आणि पुढे काय होतं ते बघायचं. हे वाचलं की डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतं ते बिग बॉसचं घर. मराठीत ते २०१८ पासून आहे, त्यामुळे त्यात नवीन काही वाटत नाही. पण टीव्हीवर हा प्रकार यायच्या कितीतरी आधी काही कलाकारांनी तो कला म्हणून करून पाहिला होता. तिथे बक्षीस नव्हतं, मतदान नव्हतं आणि एलिमिनेशनही नव्हतं.

या प्रकाराला म्हणतात एन्ड्युरन्स आर्ट, म्हणजे सोसण्याची कला. कलाकार तासन्‌तास, दिवसेंदिवस एकच कृती करत राहतो. थकवा, भूक, झोप, कंटाळा हाच त्या कलाकृतीचा कच्चा माल असतो.

आता मोबाईल हातात असलेल्या कुठल्याही चार मित्रांना वाटू शकतं की हे आपणही करू. खोली आहे, कॅमेरा आहे, लाईव्ह जाता येतं. मग अडचण काय? अडचण अशी की व्हिडिओत सोसणं दिसतं आणि त्यामागचं नियोजन दिसत नाही. जीव मात्र त्या नियोजनावरच वाचतो.

वर्षभर पिंजऱ्यात

तैवानमध्ये जन्मलेला तेहचिंग शेह हा या क्षेत्रातला सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक. सप्टेंबर १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या स्टुडिओत त्याने लाकडी पिंजरा बांधला आणि वर्षभर स्वतःला त्यात कोंडून घेतलं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, रेडिओ-टीव्ही नाही, असे त्याचे नियम होते.

पण या गोष्टीत एक दुसरा माणूसही आहे. शेहचा एक मित्र रोज यायचा, जेवण द्यायचा, घाण बाहेर न्यायचा आणि रोजचा एक फोटो काढायचा. तो मित्र नसता तर हा प्रयोग आठवडाभरही टिकला नसता.

पुढे ४ जुलै १९८३ ला शेह आणि लिंडा मोंटानो या दोन कलाकारांनी कमरेला आठ फुटी दोरी बांधून घेतली. वर्षभर दोरी सोडायची नाही आणि एकमेकांना स्पर्शही करायचा नाही. वर्ष पुरं झालं, पण मधल्या काळात भांडणं झाली, बोलणं कमी होत गेलं आणि गोष्ट खाणाखुणांवर आली. दोघांचे हे हाल, तर पाच जणांचं काय होईल याचा अंदाज बांधता येतो.

शंभरेक जणांचं काय होतं, तेही जगाने पाहिलंय. डिसेंबर १९९९ मध्ये जोश हॅरिस या उद्योजकाने न्यूयॉर्कमध्ये शंभराहून जास्त लोकांना एकत्र ठेवलं. झोपायला कप्पे, खाणंपिणं फुकट आणि सगळीकडे कॅमेरे. १ जानेवारी २००० ला प्रशासनाने येऊन हा प्रकार बंद केला.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर गोव्यात राहणारे निखिल चोप्रा. सप्टेंबर २०१९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये नऊ दिवस राहिले. वेश बदलत, चित्र काढत एका दालनातून दुसऱ्या दालनात गेले आणि झोपलेही तिथेच. म्हणजे या प्रयोगात झोपेलाही जागा होती.

जेव्हा हवा संपली

१९७४ मध्ये बेलग्रेडमध्ये मारिना अब्रामोविचने पेट्रोलमध्ये भिजवलेली मोठी चांदणी पेटवली आणि स्वतः तिच्या मधोमध जाऊन झोपली. आगीने भोवतालचा ऑक्सिजन खाल्ला आणि ती बेशुद्ध पडली. बघणाऱ्यांना बराच वेळ वाटत राहिलं की हा प्रयोगाचाच भाग आहे. ज्वाळा अंगापर्यंत आल्या तरी ती हलत नाही, हे लक्षात आल्यावर लोकांनी तिला बाहेर काढलं.

सोसण्याच्या प्रयोगातला मुख्य धोका हाच आहे. माणूस निपचित पडला की प्रेक्षकाला ती कला वाटते, आणि ज्याची शुद्ध हरपली आहे तो स्वतः ‘थांबा’ म्हणू शकत नाही.

टेंभुर्णीतली एक खोली धरू

समजा, टेंभुर्णीत १० बाय १२ ची, दहा फूट उंचीची एक खोली आहे. पाच जण २४ तास तिथे बसणार आहेत. बाहेरचा आवाज नको म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावल्या.

या खोलीत साधारण ३४ हजार लिटर हवा मावते. शांत बसलेला माणूस तासाला १८ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. पाच जणांचे झाले जवळपास १०० लिटर. खोली खरंच हवाबंद असेल तर साडेतीन तासांत या वायूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत जातं. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी साधारण अर्धा टक्का ही मर्यादा मानतात. म्हणजे दुपारी बाराला बसलेल्यांचं डोकं चार वाजेपर्यंत जड व्हायला लागणार. घरांना फटी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हे हळू होईल. तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवणं किंवा एक्झॉस्ट फॅन चालू ठेवणं हा पहिला नियम.

दुसरा हिशोब उष्णतेचा. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. पाच माणसं म्हणजे ५०० वॅटचा हीटर, तोही सोलापूर जिल्ह्यात, जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे एप्रिल-मे टाळलेलं बरं, आणि पाणी हाताशी हवंच.

तिसरी गोष्ट धुराची. खोलीत कोळशाची शेगडी, आग किंवा खिडकीखाली जनरेटर अजिबात नको. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो. लाईट जाण्याची भीती असेल तर इन्व्हर्टर वापरावा.

झोपेचं गणित आणि हायवे

२४ तास जागं राहायचं ठरलं, तर धोका प्रयोग संपल्यावर जास्त असतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी होते, आणि २४ तासांनी ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. भारतात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे दारूचा थेंब न घेता हा माणूस मर्यादेच्या तिप्पट पुढे गेलेला असतो.

टेंभुर्णी पुणे-सोलापूर हायवेवर आहे. रात्रभर जागून सकाळी बाईकला किक मारून हायवेला लागणं, हा या अख्ख्या प्रयोगातला सगळ्यात जीवघेणा भाग ठरू शकतो. त्यामुळे कलाकारांना घरी कोण सोडणार, हे आधी ठरलेलं हवं. आणि ते सोडणारा रात्री नीट झोपलेला हवा.

याचं उत्तर गावातच आहे

हे सगळं परदेशी वाटत असेल, तर अखंड हरिनाम सप्ताह आठवून बघा. टेंभुर्णीहून पंढरपूर जवळ. या पट्ट्यात सप्ताह नवा नाही. सात दिवस म्हणजे १६८ तास नामस्मरण थांबत नाही आणि वीणा खाली ठेवली जात नाही. तो कलाप्रयोग नाही, श्रद्धेचा भाग आहे. पण ‘न थांबता’ काहीतरी कसं चालवायचं, याचं नियोजन त्याच्याइतकं मुरलेलं दुसरीकडे सापडणं अवघड.

त्याचं गुपित पहाऱ्यात आहे. वीणा घेऊन उभ्या राहणाऱ्या विणेकऱ्याचा पहारा ठरलेला असतो, कुठे तासाचा, कुठे दोन तासांचा. वेळ झाली की पुढचा माणूस येतो, दोघं एकमेकांना नमस्कार करतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. दोन तासांचा पहारा धरला तर सात दिवसांचे ८४ पहारे होतात. बारा माणसं असली की प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला एकच येतो. स्वयंपाक कुणाकडे, पंगत कुणाची, पाणी कोण भरणार, हेही आधीच ठरलेलं असतं.

सप्ताहात काम अखंड चालतं, माणूस अखंड राबत नाही. वीणा दुसऱ्याकडे दिली म्हणून कुणी हरत नाही. उलट ती वेळेवर दिली म्हणूनच सप्ताह पूर्ण होतो.

मग कागदावर काय लिहायचं?

प्रयोगाआधी या गोष्टी लिहून, सगळ्यांना वाचून दाखवायला हव्यात :

• पहाऱ्याची यादी. कोण किती वेळ आत, कोण कधी झोपणार.

• बाहेरचा माणूस. तो प्रयोगात नाही, रेकॉर्डिंगही करत नाही. त्याचं काम एकच, आतल्यांवर लक्ष ठेवणं. तोही बदलता हवा.

• थांबण्याची खूण. मौन असेल तर हाताची खूण ठरवावी. एकाने खूण केली की चर्चा न करता त्याला बाहेर काढायचं.

• तासाला विचारणा. बाहेरच्याने खूण केली आणि आतून उत्तर आलं नाही, तर प्रयोग तिथेच बंद.

• दाराला कुलूप नाही. कडी लावायची वेळ आली तरी ती आतून उघडणारी हवी.

• टॉयलेट, पाणी आणि दर तासा-दोन तासांनी उठून चालणं. तासन्‌तास एकाच जागी बसल्याने पायात रक्ताच्या गाठी होऊ शकतात.

• मधुमेह, फिट येणं, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत नाही. जागरणाने फिट येऊ शकते. उपास आणि जागरण एकत्र करणं तर टाळायलाच हवं.

• १०८ आणि ११२ हे नंबर भिंतीवर. घरमालक, शेजारी आणि घरच्यांना आधी कल्पना. लोकांना बोलावणार असाल तर पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर नाही.

एवढं सगळं लिहून काढल्यावर प्रयोगातली मजा गेली, असं एखाद्याला वाटेल. पण शेहच्या पिंजऱ्याचेही नियम लिहिलेले होते, आणि ते लिहिलेले होते म्हणूनच ती कलाकृती झाली. पाच जणांनी मिळून २४ तास काढायचे असतील, तर पहिली तालीम सहनशक्तीची नको. एकाने खूण करायची आणि बाकीच्यांनी त्याला एकही शब्द न बोलता बाहेर जाऊ द्यायचं, याची तालीम हवी. ती जमली तर खोली घ्यायला हरकत नाही.