अडीचशेतल्या सतरा आज्ञा

इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरला साधारण 250 आज्ञा समजत. त्यांपैकी 17 आज्ञांनी एका चिपवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम चालवण्याची वाट अडवून धरली होती. जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन या संशोधकांनी 2000 साली ही मोजदाद मांडली. प्रमाण पाहिले तर जेमतेम 7 टक्के, पण तेवढ्याने सगळा पाया डळमळत होता.

ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली जाते ती यंत्राचा पूर्ण ताबा आपल्याकडेच आहे असे धरून. चार सिस्टिम एकत्र नांदवायच्या, तर खरा ताबा हायपरव्हायजर नावाच्या प्रोग्रामकडे द्यावा लागतो आणि चौघींचे अधिकार कमी करावे लागतात. त्यांतल्या एखादीने मूळ यंत्रणेला हात लावताच प्रोसेसरने तिला थांबवून हायपरव्हायजरला कळवले पाहिजे. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी 1974 मध्येच ही अट काटेकोरपणे सिद्ध केली होती.

पेंटियम त्या 17 ठिकाणी काहीच कळवत नसे. ‘पॉपएफ’ ही आज्ञा घ्या. अधिकार नसताना तिच्यातून इंटरप्ट (चालू काम थांबवणारे इशारे) बंद करायला सांगितले, तर प्रोसेसर चूक दाखवत नाही; तेवढा बदल गाळतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. सिस्टिमला वाटते इंटरप्ट बंद झाले, हायपरव्हायजरला तर काही घडल्याचाच पत्ता नसतो. प्रोसेसर कितीही वेगवान केला तरी हा दोष जाणार नव्हता. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म इथे आहे.

एका यंत्रावर अनेक सिस्टिम चालवणे आधी कोणाला जमले नव्हते असेही नाही. आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज केंद्रात 1967 सालीच ‘सीपी-40’ हे सॉफ्टवेअर एका यंत्रावर 14 आभासी (स्वतंत्र असल्यासारखी भासणारी) यंत्रे चालवत होते, प्रत्येकाला 256 किलोबाइट मेमरी देऊन. पण त्यासाठी यंत्राच्या हार्डवेअरमध्येच खास बदल केला होता. पेंटियमवाल्यांना ती मुभा नव्हती, चिप आधीच जगभर पोचली होती.

म्हणून पळवाटा निघाल्या. व्हीएमवेअरने 1999 मध्ये सिस्टिमच्या अडचणीच्या आज्ञा चालता चालता बदलून सुरक्षित आज्ञांत उतरवल्या. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या ‘झेन’ या हायपरव्हायजरने 2003 मध्ये सिस्टिमलाच बदलायला लावले. लिनक्समध्ये त्यासाठी 2,995 ओळी पुरल्या, म्हणजे त्याच्या एक्स-86 (पेंटियमच्या घराण्यासाठीच्या) कोडच्या 1.36 टक्के. आकडा छोटा, पण मूळ कोड हाती असेल तरच उपयोगाचा.

इंटेलने नोव्हेंबर 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये चिपमध्येच दुरुस्ती केली. आता वेग वाढेल असे वाटणे साहजिक होते. पण व्हीएमवेअरच्याच कीथ अॅडम्स आणि ओले आगेसन यांनी 2006 मध्ये मोजमापे प्रसिद्ध केली, आणि नव्या हार्डवेअरपेक्षा जुनी सॉफ्टवेअरची युक्तीच अनेकदा सरस ठरली. मोजणारे त्याच कंपनीचे होते हे लक्षात ठेवावे, तरी कारण पटण्यासारखे आहे: सिस्टिममधून हायपरव्हायजरकडे जाण्या-येण्याची प्रत्येक फेरी महाग होती, आणि मेमरीच्या पत्त्यांचे कोष्टक बदलताना अशा फेऱ्या सतत घडत.

पुढच्या पिढीच्या चिपनी मेमरीचे पत्ते शोधण्याचे काम स्वतःकडे घेतले. त्या फेऱ्या बहुतांशी संपल्या, पण बदल्यात दुसरा खर्च आला. 64 बिटांच्या साध्या यंत्रावर पत्ता कोष्टकांच्या चार पातळ्यांतून सापडतो, म्हणजे मेमरी 4 वेळा वाचावी लागते. आभासी यंत्रात सिस्टिमच्या प्रत्येक पातळीचा पत्तासुद्धा हायपरव्हायजरच्या चार पातळ्यांतून शोधावा लागतो. सिस्टिमच्या चार पातळ्या आणि शेवटचा पत्ता मिळून पाच टप्पे, प्रत्येकात हायपरव्हायजरची चार वाचने आणि टप्प्याचे स्वतःचे एक: पाच पाचे पंचवीस. शेवटचे वाचन प्रत्यक्ष माहितीचे, म्हणून त्यातून एक वजा: जास्तीत जास्त 24 वेळा वाचन. सापडलेले पत्ते प्रोसेसर जवळ साठवतो, म्हणून हा पूर्ण फटका दर वेळी बसत नाही. दोन्हीकडे 4 किलोबाइटऐवजी 2 मेगाबाइटची पाने (मेमरीचे तुकडे) वापरली, तर एकेक पातळी गळते आणि 24 चे 15 होतात.