चहाची पिशवी, पावतीचा कागद आणि कमरेचा घेर

कापडाच्या धंद्यात माणसाचे वजन काट्यापेक्षा मापावर आधी कळते. मोलगीच्या आठवडे बाजारात पाल टाकून बसणाऱ्याला हे चांगले ठाऊक आहे. ज्या दुकानदार बंधूला पूर्वी पॅन्टसाठी सव्वा मीटर पुरत असे, तो आता शिंप्याच्या सांगण्यावरून दीड मीटर नेतो. डोंगर चढून येणाऱ्या ग्राहकाचे माप मात्र तेच राहते. म्हणजे दिवसभर गादीवर बसणे आणि तळलेले खाणे, ही वजनाची पहिली कारणे आहेतच. ती सोडून दुसऱ्यावर खापर फोडू नये.

परंतु आणखी एक कारण शास्त्रज्ञ सांगतात आणि ते आपल्या गल्ल्यापाशीच आहे. भूक किती लागावी, चरबी कुठे साठावी, याचे हुकूम शरीरात हार्मोन देतात. हार्मोन ही किल्ली समजा आणि पेशीवर तिचे कुलूप. काही रसायने बनावट किल्लीसारखी त्या कुलपात बसतात आणि चरबीच्या पेशी वाढवतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ब्रूस ब्लुमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अशा रसायनांना ‘ओबेसोजेन’ हे नाव दिले. जहाजांच्या रंगात पूर्वी वापरले जाणारे ट्रायब्युटिलटिन गाभण उंदरिणींना दिले, तेव्हा पिल्लांच्या अंगी चरबी जास्त साठली. माणसांत असा प्रयोग करता येत नाही. तिथे संबंध दिसतो, पण त्याचा वाटा किती, हे ठरलेले नाही. तरीही जी एहतियात फुकट आहे, ती का करू नये?

आधी चहा. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत उकळता चहा बांधून आणण्याची सवय वाईट. प्लास्टिकमध्ये मिसळलेली द्रव्ये उष्णतेने आणि तेलातुपाने लवकर सुटतात. कागदी कप बरा, असे अनेकांना वाटते, पण त्यालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीने २०२० साली तपासले तेव्हा अशा कपातील १०० मिलिलिटर गरम पाण्यात १५ मिनिटांत सुमारे २५ हजार सूक्ष्म कण उतरले. भजी वर्तमानपत्रात बांधणे तर अन्नसुरक्षेच्या नियमांनीच मना केले आहे. छपाईची शाई तेलात उतरते.

दुसरी गोष्ट पावती. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावर शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटते. त्यासाठी अनेकदा बिस्फेनॉल-ए किंवा त्याचा भाऊ बिस्फेनॉल-एस लावलेला असतो. भारतीय मानक ब्युरोने २०१५ साली बाळाच्या दुधाच्या बाटलीतून बिस्फेनॉल-एला मनाई केली. युरोपने २०२० पासून पावतीच्या कागदातही ते जवळपास बंद केले. हाताला तेल किंवा सॅनिटायझर लागलेले असेल तर ते कातडीतून जास्त शिरते. दिवसाला शंभर पावत्या फाडणाऱ्याने जेवणाआधी साबणाने हात धुवावेत. कोरडा हात रुमालाला पुसून भागत नाही. मी तर जुने पावती-पुस्तक आणि कार्बन परत काढले आहे. मुलगा हसतो, हसू दे.

आता आपल्या मालाबद्दल, कारण दुसऱ्याच्या धंद्यातील खोट दाखवणे सोपे असते. कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांत नोनिलफेनॉल गटाचे साबण वापरले जातात. त्यांचे अंश कोऱ्या कपड्यात राहू शकतात. धुता येणाऱ्या कपड्यांवर युरोपने २०२१ पासून याची मर्यादा घातली आहे. म्हणून नवा कपडा, विशेषतः लहान मुलाचा, एकदा धुऊनच अंगात घालावा. टी-शर्टवरील रबरासारख्या जाड चित्रात आणि रेक्झिनमध्ये प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट नावाची द्रव्ये असू शकतात. बाळाला ते चोखू देऊ नये. शिंपीबंधूंनी मशीनखालची धूळ कोरड्या केरसुणीने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. अशी रसायने धुळीत साचतात.

हे ग्राहकाला सांगितले तर माल उचलणार नाही, अशी भीती मला होती. “भाऊ, घरी नेऊन आधी धुवा,” असे मी सांगतो; आजवर एकही कपडा परत आलेला नाही. बाजाराला जाताना आता गाठोड्यात काचेचे सहा ग्लास असतात. दोन फुटले. चहावाला किटली घेऊन पालापाशी येतो आणि पिशवी वाचली म्हणून कधी अर्धा ग्लास जास्त ओततो. त्यात साखर मात्र कमी घाल, हे त्याला अजून पटवता आलेले नाही.