गाडी गळते कुठून?

श्रावण षष्ठीला जोतिबाच्या डोंगरावर चोपडाई देवीची यात्रा भरते. लोक रात्रभर डोंगरावर असतात. वरून पावसाची झड आणि समोर दहा फुटांवरचा माणूस दिसू नये असं धुकं. अशा रात्री ज्याच्याकडे झोपायची सोय असलेली गाडी आहे तो राजा! फक्त पहाटे उशी ओली लागली की राज्य खालसा.

परदेशात असं फिरतं घर म्हणजे बहुधा गाडीमागे ओढायचा ट्रेलर. आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मिनीबसमध्येच बिछाने, ओटा, पाण्याची टाकी बसवून घेतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून निदान हे नाव तरी कानावर पडू लागलं. गाडी कुठलीही असो, दुखणं एकच: मूळ बॉडीला नंतर पाडलेली भोकं. छतावरचा पंखा, सोलर पॅनेलची वायर, कॅरिअरचे बोल्ट, मागची शिडी, कडेचे दिवे. गंज नसलेला धड पत्रा गळत नाही, गळतो तो सांधा.

आता पंचाईत अशी, की पाणी जिथं टपकतं तिथं ते सहसा शिरलेलं नसतं. छताचा पत्रा आणि आतलं प्लाय यांच्यात पोकळी असते. मागच्या शिडीच्या बोल्टातून आत आलेला थेंब पोकळीतल्या आडव्या पट्टीला चिकटतो, वायरीचा हात धरून पुढं सरकतो आणि दिव्यासाठी पाडलेल्या भोकातून ड्रायव्हरच्या मागं पडतो. मालक दिव्याभोवती सीलंट थापतो. पुढच्या पावसात पाणी दुसरीकडून पडतं, तिथंही थाप! असे दोन पावसाळे गेले की प्लाय आतून कुजलेलं असतं, बाहेरून मात्र लॅमिनेट चकाचक.

'गावात गळत नाही, डोंगरावर गेलं की गळते' अशी तक्रार असते, ती खोटी नाही. केर्लीवरून घाट चढताना बॉडी पिळवटते आणि सपाटीवर मिटलेला सांधा उघडतो. वर गाडी उतारावर लावली की छतावर साचलेलं पाणी नाकाकडं किंवा शेपटीकडं जातं. आणि वारा. इथं आपलं प्रथम वर्षाचं गणित कामाला येतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. हवेच्या घनतेची निम्मी गुणिले वेगाचा वर्ग केला की दाब येतो दीडशे पास्कलच्या आसपास. म्हणजे पाण्याची दीड सेंटिमीटर उंची! एका पत्र्यावर दुसरा पत्रा एकच सेंटिमीटर चढवला असेल, तर असा वारा पाणी चक्क वर ढकलून पलीकडं टाकू शकतो. आत एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर तो आतून ओढायला मदतच करतो. सरळ पडणाऱ्या पावसात या सांध्याचं काही बिघडत नाही.

पण आधी गळतीच आहे ना, हे पाहा. बंद गाडीत चार माणसं रात्रभर झोपली तर श्वासातून आणि घामातून सहज लिटरभर पाणी हवेत जातं. डोंगरावरच्या गारठ्यात ते थंड पत्र्यावर जमतं आणि टपकतं. त्यासाठी सीलंट नको, खिडकी बोटभर उघडी हवी. ओळखायचं कसं? संशयाची जागा कोरडी पुसून तिच्यावर जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा. सकाळी खोलीकडच्या बाजूला ओल आली तर तुमच्याच श्वासाचं पाणी; प्लॅस्टिकच्या मागं आली तर गळती असण्याची शक्यता दाट.

मग पाइप घ्या. बॅटरीचं टर्मिनल काढा, आतलं प्लाय शक्य तेवढं उतरवा आणि एकाला टॉर्च देऊन आत बसवा. (हे काम ज्युनिअरकडं जातं, परंपरा आहे!) पाणी मारायला सुरुवात खालून करायची, आधी खिडकीच्या तळाची कड. एका सांध्यावर दहा मिनिटं, तोवर दुसऱ्याला हात नाही. नंतर खिडकीच्या बाजू, वरची कड, पन्हळ आणि सर्वांत शेवटी छत. छतापासून सुरुवात केलीत तर ते पाणी खालच्या सगळ्या सांध्यांवरून ओघळणार आणि चोर कोण ते कळणारच नाही. आतून सांध्यांवर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर फुंकली की पाण्याची वाट गडद रेघेसारखी उमटते. जोतिबाला जाऊन आलेल्या गाडीत गुलाल हाताशी असतो, पण तो वापरू नका, डाग जाता जात नाही. उलट चैत्र यात्रेचा गुलाल आणि धूळ यांचा चिखल पन्हळीत बसला असेल तर तो आधी काढा. तुंबलेली पन्हळ हीच गळती ठरते.

एवढ्यानेही सापडलं नाही तर पंक्चरवाल्याची युक्ती. दारं-खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद करून एका खिडकीतून ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. जिथं बुडबुडे, तिथं भोक.

दुरुस्तीत होस्टेलवाल्यांचा लाडका इलाज म्हणजे एम-सील. बादलीला ठीक आहे, इथं नको. पाच मीटर लांबीची ॲल्युमिनिअमची पट्टी चाळीस अंश तापली तर सुमारे साडेचार मिलिमीटर वाढते, पोलादी पत्रा जेमतेम अडीच. हा दोन मिलिमीटरचा फरक रोज सोसायचा, आणि मध्ये दगडासारखं वाळलेलं एम-सील! ते तडकणारच. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही टाळा. उघड्या लोखंडाला ते गंज आणतं आणि नंतर त्याच्यावर रंग किंवा दुसरं सीलंट नीट धरत नाही. बॉडी बांधणारे वापरतात ते पीयू सीलंट, आणि फ्रेमखाली ब्यूटाइल टेप, हे लवचीक राहतं.

जुन्यावर नवं थापायचं नाही. फ्रेम उचलायची, जुना लेप खरवडायचा, गंज तारेच्या ब्रशने घासून प्राइमर मारायचा. प्लाय स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा; टोक सहज आत गेलं तर तेवढा तुकडा कापूनच टाका. बाकीचं प्लाय पूर्ण वाळू द्या, नाहीतर तुम्ही पाणी आत कोंडताय. सीलंट फ्रेमच्या खाली हवं, नुसत्या कडेने बोट फिरवून भागत नाही. बोल्ट आधी बेताने आवळा, लेप धरल्यावर उरलेला पीळ द्या. आणि सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत बाहेरच्या अंगाला बारीक भोकं दिसतील, ती चुकूनही बुजवू नका! खाचेत आलेलं पाणी बाहेर जायला तीच वाट आहे. बुजवली की ते आत वळतं.

प्लाय लगेच बसवू नका. गाडी एकदा घाटातून वर नेऊन आणा, मग उतारावर आधी नाक खाली, नंतर नाक वर अशी उभी करून पुन्हा पाइप लावा. दोन्ही वेळा आतला टॉर्चवाला 'कोरडं' म्हणाला, की स्क्रू मारायला घ्या.